मागचा दिवा

जुलै. लोणावळ्यात तुंगार्लीची एक गल्ली. उजाडलं आहे, पण धुक्यातून अजून काही दिसत नाही.

सायकल स्टँडवर लावा. मागचा दिवा चालू करा.

श्वास घ्या. ओल्या मातीचा, शेवाळाचा वास. सावकाश सोडा.

आता दिव्याकडे तोंड ठेवून मागे मागे चला. हळू.

लाल ठिपका. त्याच्या कडा विरघळतात. मग नुसती लाली उरते. मग तीही जाते.

इथे थांबा.

मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला तुम्ही इथून पुढेच दिसता. त्याआधी त्याच्या लेखी रस्ता मोकळा आहे.

या अंतरापाशी जरा वेळ राहा. एक्स्प्रेसवेवर सायकलला बंदी, म्हणून कार्ला फाटा, कामशेत, वडगाव, सगळं जुन्या हायवेनेच गाठायचं. तिथे तुमच्या मागे तुमचं म्हणून एवढंच अंतर असतं.

परत या. उकिडवे बसा.

रिफ्लेक्टरकडे निरखून बघा. आत बारीक कोपरे आहेत. प्रत्येकात तीन पृष्ठभाग काटकोनात मिळतात आणि प्रकाश आला त्याच दिशेला परत धाडतात. हेडलाइट पडेपर्यंत तो अंधारातच. दिवा कुणाच्या हेडलाइटवर अवलंबून नाही. दोन्ही असू द्या.

बटण दाबा. लुकलुक. पुन्हा दाबा. आता स्थिर.

बघत राहा. लुकलुक चटकन नजरेत भरते, पण सायकल किती लांब आहे याचा अंदाज स्थिर दिव्यावरूनच नीट येतो. धुक्यात मी स्थिरच ठेवते.

काचेवर बोट फिरवा. चाकाने उडवलेला चिखल लागतो. ओल्या फडक्याने पुसा. पुन्हा बघा, लाल किती उजळला.

दिवा जमिनीकडे झुकला आहे का? क्लॅम्प आवळा. तो सरळ मागे बघू दे.

सेलचं झाकण उघडा. इथे वर्षाला चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. त्याला केसाएवढी फट पुरते. स्प्रिंगवर हिरवट थर असेल तर खरवडा, कोरडं करा, झाकण रबरी रिंगसकट दाबून बसवा.

पुन्हा एक श्वास.

हा दिवा चालवताना तुम्हाला दिसत नाही. विझला तरी कळत नाही. रेनकोटचं टोक त्यावर उतरलं तरी पायडल तसंच फिरत राहतं.

म्हणून सोबत्याला मागे ठेवा, अधूनमधून विचारा: दिसतोय ना?

एकटेच असाल, तर कामशेतला चहा सांगण्याआधी मागे जाऊन बघा.