शेवटचं सँडविच

सँडविचला ज्याचं नाव मिळालं तो जॉन माँटेग्यू, म्हणजे सँडविचचा चौथा अर्ल (१७१८–१७९२), सँडविच करणारा नव्हे, खाणारा होता. पावात मांस घालून देणाऱ्या आचाऱ्याच्या नावाचा पदार्थ जगात कुठे मिळत नाही. सगळा घोळ मला वाटतं तिथूनच सुरू झाला.

आता कृती. मंडणगडात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि पावसाआधी लाइट जाते. तेव्हा इथे विजेचा टोस्टर घेणं म्हणजे बुडीत कर्जच. (मुंबईच्या फुटपाथवरचा सँडविचवाला तरी कुठे वीज जाळतो? शेगडीवर चिमटा उलटसुलट करतो.) भांडवल दोनच गोष्टींचं, तवा आणि वजन. स्लाइस शिळे असले तर उत्तम, पाणी कमी. काकडीला मीठ आधी लावू नये, पाणी सुटतं. बाहेरून लोणी लावावं, आच मंद ठेवावी, आणि वर स्वच्छ, सपाट बुडाचं पातेलं ठेवून त्यात लिटरभर पाणी ओतावं. एक लिटर म्हणजे एक किलो, तागडीची गरज नाही. जांभ्याचा चिरा मात्र ठेवू नये, सँडविचचं पोस्टकार्ड होतं.

वजन कशाला? तर पाव तव्याला नुसता चार ठिकाणी टेकतो. दाबला की अंगभर टेकतो. पाणी आहे तोवर तो शंभर अंशांच्या पुढे हलत नाही; पाणी उडालं की तपकिरी व्हायला लागतो. वजन ठेवल्याशिवाय काम पुढे सरकत नाही, हे सुजाण नागरिकाला मी काय सांगावं?

इथवर पाकशास्त्र. पुढे नीतिशास्त्र लागतं. तव्यावर मावतं एक, वेळ लागतो सहा-सात मिनिटं, आणि आमच्या दमट हवेत कुरकुरीतपणा तेवढाही टिकत नाही. घरात माणसं चार. एकत्र बसायचं तर तिघांची मऊ, गरम खायचं तर एकत्र नाही. म्हणून करणारीने शेवटी खायचं असा ठराव झालेला असतो. कोणत्या सभेत झाला, सूचक कोण, अनुमोदक कोण, इतिवृत्तात नोंद नाही.

बरं, शेवटचंही तव्यावरून गरमच उतरतं. पण तेवढ्यात धाकटा विचारतो, "आई, अजून एक आहे?" ते जातं. मग ती पावाचा कडेचा तुकडा उरलेल्या चटणीला लावून खाते आणि म्हणते, "मला कुठे एवढी भूक होती!"

याला त्याग म्हणावं का? न देण्याची मुभा असेल तरच देण्याला दान म्हणता येईल. खातेदाराला न विचारता रक्कम वळती केली तर बँकेत चौकशी लागते. घरात तिला माया म्हणतात, आणि खातेदार स्वतःच सही करत असल्याने तक्रार कोणी करायची?

मी तोडगा सुचवला : प्रत्येक सँडविचचे चार तुकडे, चौघांना एकेक, गरम.

"अहो, चतकोर खाऊन कोणाचं पोट भरतं?" सौ. म्हणाली. "त्यापेक्षा दुसऱ्या बर्नरवर तुम्ही तवा ठेवा."

आता दर रविवारी दोन तवे, दोन पातेली. एका वेळी दोघांना कुरकुरीत मिळतं. त्या दोघांत तिने बसावं असा माझा आग्रह असतो. पण तिला खाली बसवायला माझं वजन अजून पुरत नाही.