शोक, श्लोक आणि नाम

दृष्टांत हा कीर्तनकाराच्या हातातला दिवा आहे. दिव्याने वस्तू दिसावी. दिव्याकडेच पाहात बसलो तर वस्तू अंधारातच राहते. हे आम्हांस पाठशाळेत गुरुजींनी शिकविले, आम्ही ते शेकडो वेळा इतरांस सांगितले, आणि तरीही सात वर्षांपूर्वी एका सप्ताहात आमच्याच हातून तो दिवा भलत्या जागी ठेवला गेला. ती चूक वाचकांपुढे ठेवतो, कारण ती एकट्या आमची नाही.

निरूपण वैराग्यावर होते. गावातल्या एका शिक्षक माळकऱ्याने आदल्या दिवशी आम्हांस एका परदेशी कवितेचा आशय सांगितला होता. कवी पावेल फ्रीडमन, प्राग शहरचा ज्यू तरुण, वय वर्षे 21. दुसऱ्या महायुद्धात हिटलरच्या राजवटीने त्याला तेरेझीन नावाच्या तटबंदीच्या गावात कोंडले. तेथे 4 जून 1942 रोजी त्याने ही कविता लिहिली. विषय काय, तर फुलपाखरू. पुढे त्याला ऑशविट्झच्या छावणीत नेले आणि 1944 साली तेथेच त्याचा अंत झाला. आम्ही कीर्तनात ते फुलपाखरू उभे केले आणि म्हणालो, "पाहा मंडळी, जीवन हे असे. फुलपाखराचे आयुष्य ते केवढे! पान पिकले की गळायचेच." श्रोत्यांनी माना डोलावल्या. आम्हीही संतुष्ट झालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो माळकरी आला, पाया पडला आणि म्हणाला, "महाराज, राग मानू नका. पण ते पान पिकलं नव्हतं हो. ते कुणीतरी तोडलं होतं."

झाले! चाळीस वर्षांचे व्याकरण एका वाक्यात आमच्यापुढे येऊन उभे राहिले. गळणे ही अकर्मक क्रिया, तोडणे ही सकर्मक. पान आपोआप गळते, पण तोडायला कोणी तरी तोडणारा लागतो. जेथे मारणारा आहे तेथे 'गळाले', 'कोमेजले', 'विझले' असे म्हणणे म्हणजे त्या मारणाऱ्याला मागच्या दाराने पळून जायला वाट करून देणे होय. आम्ही वैराग्याच्या नावाखाली तेच केले होते.

घडले काय होते? 1945 पर्यंत युरोपातील सुमारे 60 लक्ष ज्यू ठरवून मारले गेले. त्यांत सुमारे 15 लक्ष मुले होती. त्यांचा अपराध एवढाच की ते ज्यू कुळात जन्मले. ज्यू म्हणजे आपणांस अगदी परके, असेही नाही. कोकणातले बेने इस्रायल, ज्यांना आपण शनवार तेली म्हणत आलो, ते याच धर्माचे. 1880 च्या सुमारास त्यांनी आपल्या धर्मग्रंथांतील आख्यानांवर मराठीत कीर्तने करण्यास आरंभ केला. युरोपातल्या त्यांच्या धर्मबंधूंच्या या संहाराला जग 'होलोकॉस्ट' म्हणते. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ, संपूर्ण जाळून अर्पण केलेली आहुती. पण आहुतीला संकल्प लागतो, यजमान लागतो, देवता लागते. येथे कसला यज्ञ? म्हणूनच अनेक ज्यू लोक 'शोआ' हा हिब्रू शब्द वापरतात. त्याचा अर्थ सरळ आहे : घोर विनाश. बघा, शब्दसुद्धा कसा नकळत वधाला पावित्र्याचे वस्त्र नेसवितो!

मग प्रश्न असा की, अशा वधाविषयी काव्य करावे काय? फुलांची, पाखरांची, झाडांची उपमा तेथे आणावी काय? पूर्वपक्ष बळकट आहे. थिओडोर अडोर्नो नावाच्या जर्मन तत्त्वज्ञाने 1949 साली एका निबंधात असा आशय मांडला की, ऑशविट्झनंतर कविता लिहिणे हे रानटीपणाचे आहे. हा पुरुष स्वतः ज्यू पित्याचा पुत्र, हिटलरच्या राजवटीत देशोधडीला लागलेला. त्याचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. दुःखाला अलंकार घातले की ऐकणाऱ्याला रस येतो. आमच्या कीर्तनात डोललेल्या माना हाच त्याचा पुरावा. पण 1966 च्या ग्रंथात त्यानेच आपले म्हणणे मवाळ केले. ज्याचा छळ झाला त्याला ओरडण्याचा अधिकार आहे, तसाच दुःखाला उच्चाराचा अधिकार आहे, हे त्याने मान्य केले.

उत्तरपक्ष आम्हांस लहानपणीच शिकविला गेला होता, परंतु त्याचा अर्थ म्हातारपणी कळला. तमसेच्या तीरावर क्रौंच पक्षी मारला गेला, वाल्मीकींचा शोक झाला आणि शोकाचा श्लोक झाला. आदिकाव्याची उत्पत्ती एका वधातून आहे. आता नीट पाहा. वाल्मीकी त्या क्षणी पक्ष्याच्या पिसांचे वर्णन करीत नाहीत, नदीचा गारवा गात नाहीत. ते मारणाऱ्याला संबोधितात. पहिला श्लोक हा शाप आहे, विलाप मागाहून. म्हणजे कर्ता त्यातून सुटलेला नाही. शोकाचे काव्य कसे असावे याचा दंडक तेथेच घातला गेला.

या दंडकाने ती कविता आम्ही पुन्हा समजून घेतली आणि आमची आम्हांलाच लाज वाटली. फ्रीडमनच्या कवितेत फुलपाखरू आहे, ते नाही म्हणून आहे. तो जेथे कोंडला गेला तेथे ते उरलेले नाही, हेच त्याला सांगायचे आहे. ज्यूंना प्रागच्या सार्वजनिक बागांतही जाण्याची बंदी होती, हे लक्षात घेतले की फुलपाखराचा अर्थ उलगडतो. ते क्षणभंगुरतेचे चिन्ह नव्हे. जे हिरावून घेतले त्याची ती नोंद आहे. चेर्नोव्हित्झचा कवी पॉल सेलान याचे आईबाप 1942 मध्ये छावणीत गेले. त्यानेही एका कवितेत झाड, फूल, मेघ यांच्यासमोर आईची उणीव मांडली आहे. झाडाकडून आईचे सांत्वन करून घेतलेले नाही.

आणि निसर्ग दुसऱ्याही बाजूने वापरला गेला, हे विसरता येत नाही. पोलंडमधील ट्रेब्लिंका येथे 1942-43 मध्ये आठ ते नऊ लक्ष माणसे मारली गेली. काम उरकल्यावर मारेकऱ्यांनी इमारती पाडल्या, जमीन नांगरली, ल्युपिन नावाची फुलझाडे पेरली आणि एक शेतघर बांधून ठेवले. येणाऱ्याला वाटावे, काय छान मळा आहे! म्हणजे फूल हे स्मरणाचेही साधन आणि विस्मरणाचेही. मातीचा दोष नाही, ती सर्वांना पोटात घेते. दोष पेरणाऱ्याच्या हेतूचा.

मग स्मरणाचे फूल कोणते आणि विस्मरणाचे कोणते, हे ओळखावे कसे? आमच्या अल्पमतीप्रमाणे खूण एकच : त्याच्यापाशी नाम आहे की नाही.

तेरेझीनमध्येच फ्रीडल डिकर-ब्रांडाइस नावाची चित्रकार बाई कोंडलेल्या मुलांना चित्रे काढायला शिकवीत असे. मुलांनी फुले काढली, घरे काढली, फुलपाखरे काढली. प्रत्येक चित्रावर आपले नाव घालायला ती मुलांना सांगे. राजवटीने माणसांचे आकडे केले होते, बाईने त्यांची पुन्हा नावे केली. ऑक्टोबर 1944 मध्ये तिला ऑशविट्झला नेऊन मारले. जाण्यापूर्वी सुमारे साडेचार हजार चित्रे दोन पेट्यांत भरून लपविलेली होती. ती वाचली आणि आज प्रागच्या ज्यू संग्रहालयात आहेत. तेथल्याच पिंकास सभागृहाच्या भिंतींवर त्या प्रांतातील जवळजवळ 80,000 मृतांची नावे हाताने लिहिलेली आहेत. आम्ही नामधारक लोक. नामाचा महिमा आम्हांला दुसऱ्याने सांगायला नको, असे आम्ही समजत होतो.

ट्रेब्लिंकाला 1964 साली स्मारक झाले. सुमारे 17,000 ओबडधोबड दगड उभे केले आहेत. कित्येकांवर गावांची नावे आहेत. माणसाचे नाव मात्र एकाच दगडावर आहे. यानुश कोर्चाक हे ते नाव. हे वॉर्साच्या अनाथाश्रमाचे चालक. 18 जुलै 1942 रोजी त्यांनी आपल्या मुलांकडून रवींद्रनाथांचे 'डाकघर' नाटक करविले. पुढच्याच महिन्यात सुमारे दोनशे मुलांसह त्यांना नेले. ते मुलांना सोडून गेले नाहीत.

सतरा हजार दगडांत एक नाव! येथे आम्हांस मंगळवेढे आठवले. तटाचे काम चालू असता भिंत कोसळली आणि राबणाऱ्या मजुरांसह चोखोबा तिच्याखाली गेले. परंपरेने ते साल 1338. नामदेवराय आले, ढिगाऱ्यातील एकेक अस्थी उचलून कानाशी लावली, जिच्यातून विठ्ठलनाम उमटले ती चोखोबांची म्हणून ओळखली आणि पंढरीस आणून महाद्वारी समाधी दिली. हे आख्यान आम्ही आयुष्यभर लावले आहे. गेल्या वर्षी ते लावून उठलो, तो एक शाळकरी मुलगी पुढे आली. "महाराज, बाकीच्यांच्या हाडांचं काय झालं?"

आम्ही तिला उत्तर देऊ शकलो नाही. चाळीस वर्षांत हा प्रश्न आमच्या मनात आला नव्हता. ढिगाऱ्याखालची ती माणसेही कोणाची तरी होती. त्यांच्या अस्थींतून नाम उमटले नाही म्हणून ती निनावी नव्हती. त्यांना कान लावणारा कोणी आला नाही, एवढेच.

जेरुसलेमला याद व्हाशेम नावाची संस्था आहे. तिचे नाव त्यांच्या धर्मग्रंथातून घेतले आहे. अर्थ, स्मारक आणि नाम. तिने 1953 पासून एकेक माणूस विचारून, एकेक कागद चाळून 48 लक्षांहून अधिक मृतांची नावे जमविली. हाडातून नाद आला नाही, कोणता चमत्कार झाला नाही. कान लावून बसण्याचे कष्ट तेवढे झाले. आणि जी नावे मिळाली नाहीत त्यांची जागा मोकळी आहे. ती फुलांनी बुजविलेली नाही.

आता आम्ही चोखोबांचे आख्यान लावतो तेव्हा अस्थी पंढरीस पोचविण्यापूर्वी थांबतो. टाळकऱ्यांना टाळ खाली ठेवायला सांगतो. श्रोत्यांना म्हणतो, मंडळी, भिंतीखाली आणखी माणसे होती, त्यांची नावे आम्हांस ठाऊक नाहीत. काही क्षण कोणी बोलत नाही. मग नामदेवराय पुढे निघतात. पहिल्यांदा हे केले तेव्हा एका वृद्ध माळकऱ्याने रसभंग झाला म्हणून तक्रार केली. आम्ही म्हटले, "झाला खरा. तेवढा होऊ द्या."

रामकृष्णहरि.