हत्ती, घोडे घ्या; माणूस सोडा



कोसलनरेश प्रसेनजित आणि मगधाचा अजातशत्रू यांच्या युद्धाची हकीकत संयुत्त निकायात आली आहे. पहिल्या लढाईत प्रसेनजित हरला. दुसऱ्या लढाईत त्याने अजातशत्रूला जिवंत पकडले. मी याचे काही वाकडे केले नसता हा माझ्यावर चालून आला, तरी हा माझा भाचाच आहे, असा विचार करून राजाने त्याचे हत्ती, घोडे, रथ व पायदळ काढून घेतले आणि त्याला जिवंत सोडले. सोडले कोणाला? जन्मदात्या बिंबिसाराला बंदिखान्यात मारणाऱ्याला! कैद्याची लायकी मोजत बसले असते तर अजातशत्रू कधीच सुटला नसता. हत्यार काढून घेतले की भय संपते. त्यापुढची कैद म्हणजे निव्वळ सूड होय.

आता बौद्धांच्याच एका देशाकडे, व्हिएतनामकडे पाहा. १९७० साली अमेरिकन काँग्रेसचे दोन सभासद दक्षिणेतील कोन सोन बेटावरच्या तुरुंगात गेले, तेव्हा जगाला ‘वाघाचे पिंजरे’ दिसले. दगडी खोल्यांवर छताऐवजी गज होते आणि त्या गजांतून पहारेकरी कैद्यांवर चुना टाकीत. १९७३ च्या पॅरिस करारानंतर दोन महिन्यांत ५९१ अमेरिकन कैदी घरी पोहोचले. दक्षिणेतील राजकीय कैद्यांचा प्रश्न मात्र तेथल्या दोन पक्षांनी आपसात सोडवावा, असे लिहून ठेवले गेले. गोऱ्या कैद्याला तारीख मिळाली. व्हिएतनामी कैद्याला नुसते आश्वासन!

१९७५ साली सायगाव पडले. पिंजऱ्यातले ज्यांचे होते ते राज्यावर आले. त्यांनी काय केले? हरलेल्या पक्षाच्या लाखो सैनिकांना व अधिकाऱ्यांना खटल्याशिवाय ‘पुनर्शिक्षण’ शिबिरांत कोंडले. कित्येकांची दहा-दहा वर्षे तेथे गेली. ज्या भिक्खूंनी पूर्वीच्या राजवटीलाही विरोध केला होता, तेही सुटले नाहीत. थिक क्वांग डो यांना १९७७ मध्ये पकडले. थिक थिएन मिन्ह १९७८ मध्ये कैदेतच वारले.

पुनर्शिक्षण! केवढा हा शब्द! २० नोव्हेंबर १९५६ रोजी काठमांडूला परमपूज्य बाबासाहेबांनी बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना करताना हाच भेद दाखवला होता. बळाने उभारलेली व्यवस्था बळ ओसरताच डळमळते. बुद्ध माणसाचे मन वळवतो. अंगुलिमालाला भगवंतांनी कुंपणात कोंडून शिकवले नाही.

कोणी म्हणेल, तो साम्यवादी शिपाई आणि हा अमेरिकेचा हस्तक, आपण कोणाची बाजू घ्यावी? पिंजऱ्यावर ओरडणारे पुष्कळजण शिबिरांबाबत मुके झाले, आणि शिबिरांवर रडणाऱ्यांना पिंजरे आठवले नाहीत. बौद्धाने अशी निवड करू नये. मैत्री बाजू पाहून करता येत नाही.

त्या कैद्यांच्या बायकांनी मात्र वाट पाहत बसणे नाकारले. अमेरिकेत पोहोचलेल्या काहींनी संघटना बांधली, नावांच्या याद्या केल्या, पुढाऱ्यांना पत्रांवर पत्रे धाडली. १९८९ मध्ये दोन्ही सरकारांचा करार झाला आणि सुटलेले कैदी कुटुंबांसह देशाबाहेर जाऊ लागले. तोवर शिबिरांत पुरलेल्यांची नावेही त्या याद्यांत होतीच.