योग आणि क्षेम

समुद्रकांठच्या लहान गांवाचा उत्कर्ष कसा साधावा, हा प्रश्न सामान्यतः अर्थशास्त्राचा समजला जातो. रस्ते किती, पाहुणे किती, पैसा किती, एवढी मोजदाद झाली कीं तो सुटला असें पुष्कळांस वाटतें. आमच्या मतें तो मुळांत नीतीचा प्रश्न आहे. मालवणचें उदाहरण घेतल्यास वाचकांच्या हें ध्यानांत येईल.

मालवणसमोरील कुरटे बेटावर १६६४ सालीं शिवछत्रपतींनीं सिंधुदुर्ग बांधावयास घेतला. परंतु इतिहासानें पोट भरत नाहीं. विसाव्या शतकांत येथील कित्येक घरांची चूल मुंबईहून येणाऱ्या मनिऑर्डरीवर पेटत असे. १९८२ सालीं गिरण्यांचा संप झाला, पुढें एकामागून एक गिरण्या बंद पडल्या, आणि तो आधार खचला. १९९७ सालीं सिंधुदुर्ग हा पर्यटनजिल्हा म्हणून जाहीर झाला. १९९८ सालीं कोंकण रेल्वे पुरी झाली. आज तारकर्लीच्या वाळूवर आणि किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्यांत परगांवच्या माणसांची दाटी असते. घरच्या दोन खोल्या पाहुण्यांस देऊन, त्यांना माशांचें जेवण रांधून घालून, संसार सांवरणाऱ्या बायका येथें आहेत. ज्यांना हें सारें गांव बाटविणें वाटतें, त्यांस आम्ही एवढेंच विचारतों: तुम्हीं शहरांत स्थिरावावें आणि गांवानें मात्र तुमच्या सुटीसाठीं जुनें, गरीब व रम्य राहावें, हा हक्क तुम्हांस कोणीं दिला? दुसऱ्याच्या दारिद्र्यांत सौंदर्य शोधणें ही रसिकता नव्हे.

येथवर उत्कर्षाच्या पुरस्कर्त्यांशीं आमचें जमतें. मतभेद पुढें आहे. प्रवाशास जी मोकळी वाळू दिसते, ती रापणकराचा कारखाना असते. होडीनें जाळें समुद्रांत सोडून अर्धवर्तुळ घालावयाचें, त्याचीं दोन्ही टोंकें किनाऱ्यावर आणून अनेकांनीं मिळून ओढावयाचीं, आणि आलेली मासळी वांटून घ्यावयाची, अशी ही रीत. तिला वाळूची लांब, मोकळी पट्टी लागते. त्या पट्टीवर खुर्च्या व तंबू मांडले, तर कागदोपत्रीं कोणाचीहि मालमत्ता जात नाहीं. रापणकराच्या हातचें साधन मात्र जातें.

यावर बेंथॅमच्या अनुयायांचें उत्तर ठरलेलें आहे: अनेकांचें हित होत असेल, तर थोड्यांची हानि सोसावी, हवी तर भरपाई द्यावी. परंतु येथें हित एकाचें आणि हानि दुसऱ्याची होते, आणि बेरीज भलताच तिसरा करतो. शिवाय रापणीच्या दोरावर ज्याचा हात होता तो वाटेकरी होता. उद्यां उपाहारगृहांत त्याला पगार कदाचित् अधिक मिळेल, पण तो चाकर होईल. हें अंतर रुपयांत कसें मोजावें? रापणकराच्या मुलास जाळें नको असेल, तर त्यानें खुशाल तें सोडावें. त्याला दोराला बांधून ठेवणारे आम्ही कोण? आमचा आग्रह एवढाच, कीं तें सोडावयाचें कीं नाहीं हें त्यानें ठरवावें.

निसर्गरक्षणाच्या कैवाऱ्यांनाहि हा न्याय लागू आहे. १९८७ सालीं मालवणला सागरी अभयारण्य जाहीर झालें, आणि मच्छीमारांनीं त्यास विरोध केला. प्रवाळाचें रक्षण हें चांगलें कार्य खरें. परंतु ज्यांची रोजी त्याच पाण्यांत आहे त्यांच्या संमतीवांचून चांगलें कार्यहि जुलूम वाटूं लागतें.

आपल्याकडे योगक्षेम हा एक जुना जोडशब्द आहे. जें मिळालें नाहीं तें मिळविणें हा योग. मिळालेलें राखणें हा क्षेम. आज उत्कर्षाच्या सर्व योजना योगाच्या असतात, आणि क्षेम हा अडथळा समजला जातो. वास्तविक ज्याचा क्षेम पणाला लागतो, त्याला प्रथम विचारणें हीच कोणत्याहि योजनेची पहिली पायरी होय. मालवणपुरतें बोलावयाचें तर, किनाऱ्याचा नकाशा काढतांना रापणीच्या जागा रापणकरांनींच आधीं आंखून द्याव्या. उरलेल्या वाळूवर पाहुण्यांचें स्वागत अवश्य व्हावें. असें केल्यानें दोन उपाहारगृहें कमी निघतील. तेवढा तोटा सोसण्याची तयारी नसेल, तर आपण ज्याचा उत्कर्ष करूं पाहतों तें गांव, कीं केवळ त्याचा किनारा, हें एकदां स्पष्ट सांगून टाकावें.