चार कॉर्ड्स कुणाच्या?

स्वतःचं गाणं रचताना इतरांच्या असंख्य गाण्यांत येऊन गेलेला कॉर्ड्सचा क्रम घ्यावा का? नाशिकच्या कॉलेज रोडवर गिटार घेऊन बसणाऱ्या मुलामुलींनाही हा प्रश्न पडतो, आणि तो वाटतो तेवढा लहान नाही. इथे दोघं त्यावर बोलताहेत. काका पंचवटीतल्या एका भजनी मंडळाला पेटीची साथ करतात. पुतणी गिटारवर मराठी गाणी रचते. तिचं नवं गाणं निफाड तालुक्यातल्या मामाच्या द्राक्षबागेवर आहे. ऑक्टोबर छाटणीपासून ते सुरू होतं, मण्यांत पाणी उतरतं, आणि मग गारपीट. गाणं ऐकून एक मुलगा म्हणाला, "अगं, हे तर त्याच चार कॉर्ड्सवर आहे!" तेव्हापासून तिला ते नकोसं झालंय.

पुतणी: काका, मी ते गाणं टाकून देणार.

काका: टाक, पण आधी त्या चार कोणत्या ते सांग.

पुतणी: जी, डी, ई मायनर, सी.

काका: म्हणजे पांढरी पाचचा सा. ये, पेटीवर बघ. पहिली सा-ग-प, दुसरी प-नि-रे, तिसरी ध-सा-ग, चौथी म-ध-सा. पहिली आणि दुसरी यांच्यात पंचम सामाईक. तिसरीवरून चौथीवर जाताना ध आणि सा जागचे हलत नाहीत, फक्त गंधाराचा मध्यम होतो. पण दुसरीवरून तिसरीवर जाताना एकही सूर सामाईक नाही. निषाद वर सरकून सा ला टेकतो, कानाला वाटतं घरी पोचलो, आणि पाहावं तर खाली धैवत लागलेला. ती हुरहूर कुणा एकानं शोधून काढलेली नाही. सुरांच्या नात्यातच ती आहे. मग तिच्यावर मालकी कुणाची?

पुतणी: मालकी नसेल, पण ती वापरून वापरून झिजली आहे ना! ऑस्ट्रेलियातल्या 'ॲक्सिस ऑफ ऑसम' नावाच्या तिघांनी याच चार कॉर्ड्सवर एकापाठोपाठ एक कितीतरी गाजलेली गाणी गाऊन दाखवली. लोक पोट धरून हसले. मला त्या हसण्याची भीती वाटते.

काका: कोर्टाची नाही वाटत?

पुतणी: नाही. 2023 मध्ये गायक एड शीरनवर न्यूयॉर्कला खटला चालला, तो अशाच एका क्रमावरून. त्यानं कोर्टात गिटार वाजवून दाखवली आणि ज्यूरीनं त्याच्या बाजूनं निकाल दिला. कायद्याचं मला विचारायचंच नाही. चोरी नाही हे मान्य. पण चोरी नाही म्हणजे गाणं माझं झालं का?

काका: हा प्रश्न चांगला आहे. मग रागाचं काय करशील? 'गीतरामायणा'तली 56 गाणी 1955-56 मध्ये पुणे आकाशवाणीवरून गेली. त्यांना चाली देणाऱ्या बाबूजींनी, म्हणजे सुधीर फडक्यांनी, काही नवे राग निर्माण केले नव्हते, भूप आणि भैरवी आधीच होते. 2025 मध्ये डागर घराण्याची शिवस्तुती आणि ए. आर. रहमान यांचं गाणं यांचा वाद दिल्ली उच्च न्यायालयात गेला. तिथेही राग कुणाचा यावर भांडण नव्हतंच. भांडण होतं रागातल्या त्या विशिष्ट रचनेवर.

पुतणी: राग आणि चार कॉर्ड्स एका मापानं कसं मोजता? रागात फिरायला केवढी जागा असते! माझ्या चार कॉर्ड्स फिरून फिरून तिथेच येतात.

काका: बरं, मग आपल्या जिल्ह्यातलं घे. वामनदादा कर्डक, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे, जन्म 1922 चा. मुंबईत कामगार म्हणून राबताना त्यांना अक्षरओळख झाली, आणि पुढे हजारो गाणी लिहिली. त्यांच्याआधी भीमराव कर्डकांचा आंबेडकरी जलसा गावोगाव फिरला. या शाहिरांनी लोकांच्या ओठांवरच्या चाली घेतल्या, सिनेमातल्यासुद्धा. कॉर्ड्सच काय, अख्खी चाल घेतली! त्यांची गाणी त्यांची नाहीत असं म्हणशील?

पुतणी: नाही म्हणणार. पण त्यांच्याकडे कारण होतं. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्यापर्यंत बाबासाहेबांचा विचार पोचवायचा होता. चाल ओळखीची असली की समोरचा माणूस दुसऱ्या ओळीला गाऊ लागतो. माझ्याकडे तसं काय कारण आहे? मी त्या चार कॉर्ड्स घेतल्या, कारण बोटं तिथेच पडली.

इथे मला थांबून माझं मत सांगितलं पाहिजे, कारण पुतणीनं दुखऱ्या जागी बोट ठेवलं आहे. जुनी वस्तू घेण्यात कमीपणा नाही. जात्यावरच्या ओव्यांचंच बघा. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हिन यांच्या पुढाकारानं महाराष्ट्रातल्या खेड्यांतून लाखभर ओव्या गोळा झाल्या. चाली त्या मानानं मोजक्या, पण प्रत्येक बाई त्यांच्यात आपलंच सांगते. संगीत नाटकांनी तर घेणं लपवलंही नाही. जुन्या नाटकांची पुस्तकं उघडा, पदाच्या डोक्यावर 'चाल' म्हणून मूळ पदाचा किंवा चिजेचा उल्लेख छापलेला असतो. हा सरळपणा मला फार मोलाचा वाटतो. चाल घेतली तर तिचा उल्लेख हवाच, तिथे तडजोड नाही. कॉर्ड्सच्या क्रमाला मात्र असा उल्लेख करायचा तर कुणाचा करणार? तो सगळ्यांचा आहे. म्हणून त्याच्या बाबतीत ऋणाचा हिशेब बाहेर नाही, गाण्याच्या आत मांडावा लागतो: हा क्रम शब्दांनी मागितला, की हाताच्या सवयीनं आणून बसवला?

काका: गिटार खाली ठेव आणि नुसतं म्हण. मुखडा आणि दोन्ही कडवी.

(ती म्हणते.)

काका: चाल तुझी आहे. गिटारशिवाय उभी राहते, हे एक झालं. छाटणीची ओळ तू मध्यमावर उचलतेस, तिथे कुणाची नक्कल नाही. आता दुसरं कडवं गिटारवर म्हण, गारपिटीचं.

(ती म्हणते.)

काका: ऐकलंस? गारा पडल्या, घड जमिनीवर आले, मामा बांधावर बसला. आणि त्याच ओळीला तुझी चौथी कॉर्ड येते, पाठोपाठ पहिली. म-ध-सा वरून सा-ग-प वर येणं म्हणजे दिलासा. तिथे कसला दिलासा? बँकेचं कर्ज उभं आहे. मुखड्यात या चार कॉर्ड्स शोभतात, कारण तिथे वर्ष दरवर्षीसारखं चाललंय. छाटणी, फुटवा, फुलोरा, फिरून तेच. दुसऱ्या कडव्यात वर्ष मोडलं, तुझ्या कॉर्ड्स मोडल्या नाहीत.

पुतणी: म्हणजे तो मुलगा म्हणाला ते बरोबरच होतं.

काका: अर्धं. त्याला ऐकू आलं की या कॉर्ड्स सगळ्यांच्या आहेत. तिथे त्या का आहेत, हे त्यानं विचारलं नाही, आणि तूही विचारलं नव्हतंस.

पुतणी: मग तिथे काहीतरी अवघड घालू? डिमिनिश्ड वगैरे?

काका: कशाला? त्यानं फक्त तुला गिटार येते एवढं कळेल. मामाचं काय?

पुतणी: तिसरीवरच थांबले तर? ई मायनर. बांधावर बसला, तिथे. पुढची कॉर्ड वाजवायचीच नाही. पुढच्या दोन ओळी नुसता गळा.

काका: वाजवून बघ.

(ती वाजवते, थांबते, दोन ओळी तशाच म्हणते.)

पुतणी: पण काका, ई मायनरही नेहमीचीच आहे.

काका: असू दे. आता ती तिथे हवी म्हणून आहे. आणि शेवटी मुखड्यावर येशील तेव्हा पुन्हा त्याच चार घे, बदलू नकोस. पुढच्या ऑक्टोबरात मामा पुन्हा छाटणी करणारच आहे.

पुतणी: लोक हसले तर?

काका: मुखड्याला ओळखीचं हसू आलं तर येऊ दे. दुसऱ्या कडव्याला कोण हसतं ते बघू. पण लोकांच्या आधी रविवारी निफाडला जा आणि मामाला ऐकव. गिटार नेऊ नकोस.