ह्यांना उपाशी का ठेवलंस?

(जंतुसंसर्गाने रक्तदाब कोसळलेले काका अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटरवर आहेत. काकू आणि त्यांचा डॉक्टर पुतण्या बाहेर बोलत आहेत.)

काकू : नाकातून नळी घातलीस, मग तिच्यातून काही देत का नाहीस? कालपासून ह्यांच्या पोटात कण नाही. दारी आलेल्यालाही आपण उपाशी धाडत नाही.

पुतण्या : एरवी मी थांबलो नसतो, काकू. २४ ते ४८ तासांत राइल्स ट्यूबमधून अन्न सुरू करायचं, हीच आमची रीत. रिकाम्या आतड्याचं अस्तर झिजतं. पण काकांचा रक्तदाब नॉरअ‍ॅड्रेनलिनच्या मोठ्या डोसवर टिकून आहे. अशा वेळी आतड्याला रक्त कमी पोचतं. त्याला पचवायला लावलं, तर ते काळं पडू शकतं.

काकू : शकतं. म्हणजे पडेलच असं नाही.

पुतण्या : नाही. फ्रान्समध्ये शॉकमधल्या, म्हणजे काकांसारखा रक्तदाब कोसळलेल्या, व्हेंटिलेटरवरच्या २,४१० रुग्णांचा अभ्यास झाला, २०१८ साली तो छापून आला. काहींना लगेच नळीतून अन्न दिलं, काहींना शिरेतून. मृत्यूंत फरक दिसला नाही. आतड्याला रक्त न मिळणं मात्र नळीवाल्यांत जास्त होतं, जरी ते एकूण थोड्यांनाच झालं.

काकू : मग शिरेतून दे.

पुतण्या : तिथेही घाई नडते. बेल्जियममधल्या २०११च्या अभ्यासात नळीतून कमी पडणारं अन्न काहींना शिरेतून लगेच पुरवलं, काहींना आठवडाभर थांबून. थांबलेल्यांना संसर्ग कमी झाले.

काकू : हा हजारोंचा हिशेब झाला. माझा माणूस एकच आहे. उद्या हे गेले, तर उपाशी गेले, हे मला जन्मभर सलेल.

पुतण्या : सलेल, आणि ते मी पुसू शकत नाही. पण घास कोणासाठी भरवायचा, त्यांच्यासाठी की आपल्या समाधानासाठी? पंगतीत जेवणाऱ्याने पानावर हात आडवा धरला की वाढपी थांबतो. काकांना हात धरता येत नाही. त्यांच्या वतीने रक्तदाब आणि रक्तपुरवठा कमी पडला की रक्तात वाढणारं लॅक्टेट बघून मला ठरवावं लागतं.

काकू : पटलं. पण अन्नाला औषध मानतोस, तर औषधासारखा जाबही दे. का थांबवलं, काय दिसलं म्हणजे सुरू करणार, सगळं लिहून ठेव. नाहीतर ‘उद्या बघू’ म्हणता म्हणता खरीच उपासमार होईल.

पुतण्या : तो धोका आहेच. तपासणीसाठी थांबवलेलं अन्न पुन्हा सुरू करायचं राहून जातं. लिहितो : डोस उतरला, लॅक्टेट कमी झालं की डोकं ३० ते ४५ अंश उचलून ताशी १० ते २० मिलीलिटर. पोट फुगलं तर थांबायचं. दर पाळीला फेरविचार. आठवड्यातही नळीने भागलं नाही, तर शिरेतून.

काकू : आणि त्या फेरविचारात मलाही बसव. ह्यांना कुठपर्यंत चाललं असतं, हे मी सांगेन. तुमच्या तपासण्यांत ते येत नाही.