दगड खाली ठेवल्यानंतर

कुसळ आणि मुसळ ही जोडी मराठीत इतकी रुळली आहे की मराठी बायबलमध्ये मत्तयाच्या सातव्या अध्यायातही ती येते, याची आठवण बोलणाऱ्याला होत नाही. या उताऱ्याचा अर्थ बहुधा एवढाच सांगितला जातो, की कोणी कोणाला दोष देऊ नये. पण येशूचे बोलणे तिथे थांबत नाही. आधी स्वतःच्या डोळ्यातले मुसळ काढ, म्हणजे भावाच्या डोळ्यातले कुसळ काढण्यापुरते तुला नीट दिसेल, असा त्याचा रोख आहे. म्हणजे कुसळ काढायचेच आहे. डोळ्यातला कण लांबून बोट दाखवून निघत नाही. जवळ जावे लागते, हात हलका ठेवावा लागतो. ख्रिस्ती जीवनात दया न्यायापेक्षा वरचढ ठरते ती याच अर्थाने. ती चुकीकडे डोळेझाक करत नाही. चूक पाहून झाल्यावरचे काम ती अंगावर घेते.

योहानाच्या आठव्या अध्यायातल्या, व्यभिचारात धरलेल्या स्त्रीची गोष्ट या दृष्टीने पुन्हा वाचावी. लेवीय विसाव्या अध्यायानुसार व्यभिचाराची शिक्षा स्त्री आणि पुरुष दोघांनाही आहे; इथे ओढून आणली आहे ती एकटी स्त्री. अनुवाद या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायानुसार देहदंडाच्या वेळी पहिला हात साक्षीदाराने उचलायचा असतो, म्हणजे आरोपाची जबाबदारी त्याच्याच अंगावर राहते. येशू नियमशास्त्र मोडत नाही. पहिल्या दगडाचा प्रश्न तो साक्षीदारांपुढे ठेवतो आणि गर्दी पांगते. पण स्त्रीला निरोप देताना पुन्हा पाप करू नको, असेही तो सांगतो. पापाला पाप म्हटले गेले; फक्त दगड पडला नाही.

अशाने लोक सोकावतील, हा आक्षेप फार जुना आहे. सर्वांत प्राचीन हस्तलिखितांत योहानातला हा उतारा नाही आणि आजचे बहुतेक अभ्यासक तो मूळ शुभवर्तमानातला मानत नाहीत. पाचव्या शतकात संत ऑगस्टीनने मात्र त्याच्या अभावाचे वेगळेच कारण दिले: बायकांना पापाची मोकळीक मिळेल या धास्तीने अल्पविश्वासी लोकांनी तो काढून टाकला. हे कारण खरे नसले तरी धास्ती खरी होती, हे त्यातून कळते. या धास्तीला उत्तर द्यायचे तर दयेने प्रत्यक्षात काय घडते ते पाहावे लागते. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. तिथल्या ख्रिस्ती धर्मभगिनींनी त्यांना लंडनमधील फुलहॅमच्या आश्रमात नेले. समाजाने ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांची तिथे चाललेली सेवा पाहून रमाबाईंनी कारण विचारले, तेव्हा एका भगिनीने त्यांना येशू आणि शोमरोनी स्त्रीच्या भेटीची गोष्ट वाचून दाखवली. ‘पतित’ ठरलेल्या स्त्रीला कठोर देहदंड सांगणारी शास्त्रवचने संस्कृत पंडिता म्हणून रमाबाईंना ठाऊक होती. मोशेच्या नियमातही दगड आहेतच. तेव्हा फरक दोन धर्मांच्या दंडविधानांत नव्हता. दंडविधान हातात असताना समोरच्या माणसाचे काय करायचे, यात होता. १८९९ मध्ये त्यांनी केडगावला अशाच स्त्रियांसाठी कृपासदन उघडले. मुक्ती मिशनच्या त्या आवारात राहायला जागा होती, अक्षरओळख होती, विणकाम, तेलघाणा आणि छापखाना होता. निवाडा एका वाक्यात संपतो. कृपेला मात्र छप्पर घालावे लागते, रोजचा शिधा मोजावा लागतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. क्षमेच्या नावाखाली बलवानांना पाठीशी घातले जाते. बालकांचे शोषण करणाऱ्या धर्मगुरूंना चर्चने अनेक देशांत गुपचूप दुसऱ्या गावी पाठवले. २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस यांना अशा प्रकरणांची माहिती चर्चच्या वरिष्ठांना देणे धर्मगुरूंवर बंधनकारक करावे लागले. पण तिथे दया कोणावर झाली? बळी पडलेल्यावर नव्हे. योहानाच्या गोष्टीत येशू जिच्यावर दगड रोखले आहेत तिच्या बाजूने आहे, दगडवाल्यांच्या नाही. शिवाय क्षमा करण्याचा हक्क ज्याला घाव बसला त्याचा. संस्थेने ती परस्पर वाटू नये. १९९९ च्या जानेवारीत ओडिशातील मनोहरपूर येथे मिशनरी ग्रॅहम स्टेन्स यांना फिलिप आणि टिमोथी या दोन मुलांसह जाळून मारण्यात आले. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांना क्षमा केली आणि बारीपदा येथे कुष्ठरुग्णांची सेवा पुढे चालू ठेवली. खटला थांबला नाही; मुख्य आरोपीची जन्मठेप २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केली. ग्लॅडिस यांच्या क्षमेने न्यायालयाची वाट अडवली नाही आणि न्यायालयाच्या निकालाने ती क्षमा उणी झाली नाही.

मंडळीत शिस्त हवीच. एखाद्याला प्रभुभोजनापासून दूर ठेवण्याची वेळ येऊ शकते. पण तो ठराव वहीत लिहिला की काम संपले असे मानणे ही आपली सवय आहे, आणि ख्रिस्ती जीवनाची कसोटी नेमकी त्यानंतर सुरू होते. म्हणून येत्या रविवारी प्रत्येक मंडळीने एवढेच विचारावे: ज्यांना आपण दूर ठेवले, त्यांच्या घरी शेवटचे कोण गेले होते, आणि कधी?